जिभेचा पासंग

आर्वी तालुक्यात असा वजनकाटा सापडणं कठीण, जो कधी ना कधी प्रफुल्ल काळमेघच्या टेबलावर उघडा पडलेला नाही. जिनिंगमधले गाडीकाटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, भाजीवालीची तागडी, रेशन दुकानातला तो एकाच आकड्यावर रुसून बसलेला काटा, सगळ्यांची नाडी त्याच्या हाताला ठाऊक. बापाच्या काळात हे काम स्प्रिंगांचं आणि तेलाचं होतं, २०४३ साली ते सर्किटांचं झालं होतं. पाटी मात्र तीच होती, 'वजनमापे दुरुस्ती, सरकारी परवानाधारक'. कोणी हळूच म्हणालं, की भाऊ, काटा जरा आपल्या बाजूने झुकवून द्या, तर प्रफुल्ल त्याला चहा पाजायचा आणि काम न करता वाटेला लावायचा. असा सरळ माणूस. त्याने आपल्याच घरात एक काटा झुकवला, त्याची ही गोष्ट.

दुकानाच्या वर घर. घरात प्रफुल्ल, त्याची बायको रश्मी आणि रश्मीची आई कुंदाबाई. रश्मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, सकाळी आठला निघायची ती संध्याकाळीच उगवायची. सासरे गेले तेव्हा कुंदाबाई इकडे आल्या, एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची पेटी घेऊन. मुलगा नाही, मग महालक्ष्म्या आता बसवायच्या कुठे, असा मोठा प्रश्न नातेवाइकांना पडला होता. "आपल्याकडे बसवू की," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्या दिवसापासून कुंदाबाईंच्या लेखी जावईबापूंचा शब्द शेवटचा झाला. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण जावयाला नाही म्हणायचंच नाही असं ठरवून बसलेली सासू सांभाळणं किती अवघड, ते प्रफुल्लला विचारा.

कुंदाबाईंचा हात साऱ्या गोतावळ्यात प्रसिद्ध. मिठाला चमचा नाही, वाटी नाही. डब्यात हात घालायचा, बोटं मिटायची, मनगट एकदा झटकायचं आणि उरलेलं पातेल्यात सोडायचं. पाच माणसं असोत की पन्नास. आपल्याकडे पान वाढताना डाव्या बाजूला सगळ्यांत आधी चिमूटभर मीठ वाढतात, ज्याला कमी वाटलं त्याने त्यातलं घ्यावं म्हणून. कुंदाबाईंच्या पंगतीत ते मीठ जसंच्या तसं परत यायचं. ताटं घासायला पडण्याआधी त्या मोरीपाशी उभ्या राहून एकेका ताटाचा डावा कोपरा पाहायच्या. "लोकं तोंडावर छानच म्हणतात," त्या सांगायच्या. "म्हणून मी पान पाहते."

मग त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली, वर्षात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉ. बाबर म्हणाले, औषधं मी देतो, पण अर्धं औषध स्वयंपाकघरात आहे. मीठ दिवसाला सपाट एक छोटा चमचा, सगळं मिळून, त्याच्यावर कण नाही. अंगात पाणी साठतं की काय हे कळण्यासाठी रोज सकाळी वजन करायचं. वजन करायची सोय तर घरातच होती. प्रफुल्ल त्यांना दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं करायचा.

"तुरीचं पोतं ठेवल्यासारखं ठेवून राहिले मला," कुंदाबाई म्हणायच्या, पण उभ्या राहायच्या.

मिठाचं मात्र जमेना. प्रफुल्लने स्वयंपाक आपल्या हाती घेतला. मोजून मापून अळणी वरण, अळणी भाजी, वर लिंबू, कोथिंबीर, जिरेपूड, जे जे पुस्तकात लिहिलेलं ते सगळं. कुंदाबाईंच्या पानातलं डावीकडचं मीठ बंद केलं. त्या एका शब्दाने तक्रार करायच्या नाहीत. दोन घास खायच्या आणि म्हणायच्या, "झालं जी माझं. छान होतं." तीन महिन्यांत काटा सहा किलोंनी खाली आला, आणि हे काही पाणी उतरल्याचं वजन नव्हतं. एक दिवस देवघर पुसताना त्याला मुखवट्यांच्या पेटीमागे लिंबाच्या लोणच्याची बरणी सापडली. जावई सगळीकडे हात घालेल, देवामागे घालणार नाही, असा त्यांचा हिशेब. प्रफुल्लला हसावं की रडावं कळेना. म्हातारं माणूस उपाशी तरी राहतंय नाहीतर चोरून तरी खातंय, आणि दोन्हीला आपणच कारण, असं त्याला वाटलं. त्याने बरणी होती तिथेच ठेवली आणि डॉ. बाबरांना फोन लावला.

डॉक्टरांनी दोघांना दवाखान्यात बोलावलं आणि एक दाणा काढून दाखवला. मार्च महिन्यातली गोष्ट. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा, खालच्या दाढेवर आतल्या बाजूने चिमट्यासारखा बसणारा. वाटेल तेव्हा काढता येणारा.

"याने काय होते?" कुंदाबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले ते असं. मीठ थुंकीत विरघळलं की त्याचे सुटे कण होतात आणि त्यांच्यावर विजेचा भार असतो. त्यातले सोडियमचे कण जिभेवरच्या चवीच्या पेशींच्या दारातून आत शिरतात आणि पेशी मेंदूला कळवते, खारट. जेवणात मीठ कमी म्हणजे दारात कण कमी, म्हणजे चव फिकी. दाणा अगदी मंद विजेने ते कण क्षणभर अडवून धरतो, गोळा करतो आणि मग एकदम सोडतो. कण तेवढेच, पण सगळे एकाच वेळी दाराशी आले म्हणून मेंदूला वाटतं, भरपूर मीठ आहे. त्याला लागणारी वीज चावण्याच्या दाबातूनच तयार होते. वर तो थुंकीतलं सोडियम मोजून दिवसाचा आकडा घरच्यांच्या फोनवर धाडतो. जोर कमी-जास्त करायला पाच पायऱ्या आहेत. "आपण दोनवर ठेवू," डॉक्टर म्हणाले. "पुढे बदलायचं झालं तर आईंना विचारून."

कुंदाबाईंनी जावयाकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, आपण हो म्हटलं की त्या हो म्हणणार. म्हणून घरी आल्यावर त्याने त्यांना दुकानात बसवलं आणि भाजीवालीची दुरुस्तीला आलेली तागडी पुढ्यात धरली. रिकामी असूनही एक पारडं खाली होतं.

"हे बघा आई. एक पारडं हलकं झालं की त्या बाजूच्या दांडीला चिंधी बांधतात, नाहीतर छोटा खडा. त्याला पासंग म्हणतात. मग दोन्ही सारखी होतात. तुमच्या ताटाचं पारडं डॉक्टरांनी हलकं केलं. हा दाणा म्हणजे पासंग." त्याने वर गेलेल्या बाजूच्या दांडीला एक खडा अडकवून दाखवला.

"म्हणजे खोटं वजन."

"नाही. गिऱ्हाइकाला दाखवून लावला तर ती दुरुस्ती. न सांगता लावला तर चोरी. पकडला तर आमचा परवाना जातो."

कुंदाबाईंनी पासंगाचा खडा बोटाने हलवून पाहिला. पारडी डुलली आणि पुन्हा स्थिर झाली. "लावते," त्या म्हणाल्या. "पण एक आहे जावईबापू. माझ्या तोंडात काय करून राहिले ते मला सांगत जा. बाकी काही म्हणणं नाही माझं."

"सांगणार ना," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्याने ते मनापासून म्हटलं होतं.

दुपारी त्यांनी त्याचं तेच अळणी वरण तोंडात घातलं आणि घास तसाच धरून बसल्या. मग हळूहळू चावला. दुसरा घास घेतला. मग त्यांनी दाणा काढून तिसरा घास घेतला, आणि पुन्हा लावून चौथा. मग ताक मागवलं, मग काकडी, मग नुसतं पाणी. पाण्याला काही चव आली नाही, म्हणून त्यांचं समाधान झालं. "नाही त्याला आहे म्हणत नाही हा," त्या म्हणाल्या. "आहे त्यालाच मोठं करते." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने दाण्याचं मर्म एका जेवणात काढलं, हे पाहून प्रफुल्ल चाटच पडला. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मागून घेतली. आठवड्याभरात लोणच्याची बरणी आपली आपण देवामागून निघाली आणि शेजारी गेली.

दुपारचा स्वयंपाकही त्यांनी परत आपल्या हातात घेतला. प्रफुल्ल दुकानातून वर येऊन त्यांच्यासोबत तेच जेवायचा. पहिले काही दिवस जेवण त्याला अगदी मिळमिळीत लागलं, पण त्यांच्यासमोर वरून मीठ घेणं बरं दिसेना, म्हणून तो तसाच जेवत राहिला.

मे महिन्यात कुंदाबाई पुतण्याच्या लग्नाला गेल्या आणि दोन दिवस पंगतीतलं जेवून आल्या. काट्याने दोन किलो जास्त दाखवले. पाय परत सुजले. औषधाने सूज उतरली, पण प्रफुल्लची झोप उडाली. फोनवर पायऱ्यांचा तक्ता समोरच होता. तिसरी पायरी केली तर त्यांना सगळंच जरा जास्त खारट लागेल, आणि त्या आपसूक हात आखडतील. त्याने बोट टेकवलं. आठ दिवसांत दुपारच्या जेवणातलं मीठ पावपट कमी झालं. कुंदाबाईंना काही कळलं नाही. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

आता खरं सांगायचं तर इथे नुसती काळजी नव्हती. एखादा किचकट काटा हाताला लागला की त्याला जी गोडी लागायची, तीच लागली. पायरी वर गेली की हात खाली येतो. किती दिवसांत येतो, कुठे थांबतो, पुन्हा वर केली तर पुन्हा येतो का. जूनमध्ये चौथी पायरी, जुलै संपता संपता पाचवी. फोनवरची रेघ उतरत गेली. डॉक्टर खूश, सूज नाही, वजन स्थिर, कुंदाबाई जिना एका दमात चढायला लागल्या. इतकं सगळं चांगलं चाललेलं असताना मुद्दाम सांगून त्यांना बिचकवायचं काऊन, असं तो स्वतःला समजावायचा. न सांगण्यालाही एक सवय लागते.

रविवारी दुपारचं रश्मी घरी जेवायची. "आई, भाजीत मीठ कमी आहे गं," ती म्हणाली.

कुंदाबाईंनी घास घेतला. "बरोबर आहे की. तुलाच त्या बाहेरच्या खाण्याची सवय लागली."

रश्मीने नवऱ्याकडे पाहिलं. नंतर गॅलरीत तिने विचारलं, "कितीवर ठेवलं आहेस?"

"पाच."

"आईला सांगितलंस?"

"सांगतो."

"प्रफुल्ल, महालक्ष्म्या आल्या आहेत पंधरा दिवसांवर. बत्तीस माणसं जेवायला. तिला सगळंच खारट लागत असेल तर ती पंगतीला काय वाढेल?"

यावर प्रफुल्लने विचार केलेला होता, आणि उत्तर तयार होतं. "नैवेद्याचा स्वयंपाक आई चाखतात का?"

"नाही. चाखलेलं देवीला कसं दाखवणार?"

"मग झालं तर. दाणा काम करतो जिभेवर. चाखणारच नाहीत तर दाण्याचा संबंध काय? चाळीस वर्षांच्या अंदाजाने घालतील. उलट रोजच्यापेक्षा नैवेद्यच बिनचूक होईल."

रश्मी पडली माती तपासणारी बाई, समोरचा मुद्दा सरळ दिसत असला तरी तिला पटलं नव्हतं, एवढं तिच्या चेहऱ्यावर होतं.

महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवण. कुंदाबाई पहाटेपासून धुतलेल्या लुगड्यात चुलीपुढे. सोळा भाज्यांची भाजी, कढी, वरण, वडे, आंबील, पुरण. मिठाच्या डब्यात हात जायचा, मनगट झटकलं जायचं, पातेल्यात मीठ पडायचं, आणि कोणाच्याही जिभेला काही लागायचं नाही. नैवेद्य दाखवला, आरती झाली आणि पहिली पंगत बसली. जावयाचा मान म्हणून प्रफुल्ल पहिल्या पाटावर.

त्याने भाजी खाल्ली, कढी प्यायली. उत्तम झालं होतं. रश्मीला डोळ्यांनीच त्याने सांगितलं, बघ. पण रश्मी त्याच्याकडे पाहत नव्हती. ती पंगतीकडे पाहत होती. एरवी गजबजणारी पंगत जरा जास्तच शांत होती. बोटं ताटाच्या डावीकडे जात होती आणि परत येत होती. कुंदाबाईंची धाकटी जाऊ सिंधूकाकू लिंबू मागत होती, तेही दुसऱ्यांदा. शेवटी कोपऱ्यातून कोणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "थोडं मीठ वाढता का?"

"काही कमी-जास्त?" कुंदाबाईंनी दारातून विचारलं.

"छान झालं जी," पंगत एका सुरात म्हणाली. देवीच्या प्रसादाला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती.

दोन पंगती उठल्या. ताटं मोरीपाशी आली आणि कुंदाबाई नेहमीसारख्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या ताटाचा डावा कोपरा रिकामा होता. दुसऱ्याचाही. त्यांनी वाकून ताटं एकेक करून पाहायला सुरुवात केली. कुठे मिठाच्या जागी बोटांच्या पुसटशा रेघा, कुठे नुसता ओला डाग. सिंधूकाकूच्या ताटात लिंबाच्या चार पिळलेल्या फोडी. ढिगाच्या तळाशी एका ताटात मिठाची चिमूट जशीच्या तशी होती.

"हे पान कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," प्रफुल्ल म्हणाला. तो मागेच उभा होता.

कुंदाबाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, पाहुण्यांना हळदीकुंकू लावलं, पानसुपारी दिली, सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं. मग संध्याकाळ व्हायच्या आत जिना उतरून दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. पदराच्या गाठीतून दाणा काढला आणि सोनाराच्या काट्याच्या पितळी वाटीत ठेवला. हातात कढीची वाटी होती. त्यांनी दाण्याशिवाय एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे मी बत्तीस लोकांना वाढलं," त्या म्हणाल्या. "देवीला दाखवलं."

त्यांनी दाण्याकडे बोट दाखवलं.

"कितीवर आहे?"

"पाच."

"मी कितीला हो म्हटलं होतं?"

"दोनला."

"कधीपासून?"

त्याने सगळं सांगितलं. मे महिना, सूज, तिसरी पायरी, रेघ, पाचवी पायरी. सांगताना त्याला आपलाच आवाज परका वाटत होता. दुकानात येऊन काटा झुकवून मागणारी माणसंही अशीच सांगायची, आधी पोराबाळांच्या अडचणी, मग मुद्द्याचं.

"तुम्ही माझ्या भल्यासाठी केलं, ते दिसते मला," कुंदाबाई म्हणाल्या. "पण न सांगता लावलेल्या पासंगाला काय म्हणतात, ते तुम्हीच शिकवलं. मुलगा असता तर कानाखाली वाजवली असती. जावयाला काय करू?"

"वाजवा आई. मला चालेल."

"मला नाही चालत." त्या उठल्या. दारात थांबून त्यांनी आपला उजवा हात पाहिला, उघडला, मिटला. "चाळीस वर्षं या हाताने कधी दगा दिला नव्हता. आता डब्यात घालायची भीती वाटते."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मुखवटे पेटीत गेल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. "तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. दाणा पितळी वाटीतच राहिला. प्रफुल्लने मोजून मापून वरण केलं. कुंदाबाईंनी दोन घास खाल्ले. "झालं जी माझं. छान होतं." घर मार्चच्या आधी जिथे होतं तिथेच परत आलं, फक्त आता त्यांनी लोणचंही कुठे दडवलं नव्हतं. चार दिवसांत काटा एक किलोने उतरला. प्रफुल्लला रडू आलं, आणि ते रश्मीने पाहिलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चूक कुठे झाली हे त्याला आता दिसत होतं. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला प्रमाण वजन वापरतात. प्रमाण वजनच खोटं असेल, तर काटा अगदी इमानदारीने चुकतो. कुंदाबाईंचा अंदाज चाळीस वर्षांपूर्वी ठरून कुठे पेटीत ठेवलेला नव्हता. रोज दुपारी जेवताना जीभ हाताला सांगायची, काल जास्त झालं, आज जरा कमी. हात रोज जिभेशी जुळवून घेत होता, आणि जीभ त्याने बिघडवलेली. चाखलं नाही म्हणून काय झालं? हात आधीच शिकून बसला होता.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती, आणि ती त्याच्या आधी कुंदाबाईंनीच बोलून दाखवली. सकाळी वजनाला उभ्या असताना त्या म्हणाल्या, "तुमच्या पानातलं मीठ काऊन उरलं?"

"तेच कळत नाही."

"तुमच्या दाढेला तर दाणा नव्हता." राग अजून होता, पण डोळ्यांत तीच ताक-काकडीच्या दिवशीची चमक होती. "मग तुमच्या जिभेला कोणी पासंग लावला?"

प्रफुल्लने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. सात वाट्या वरण, बिनमिठाचं. सोनाराच्या काट्यावर मीठ तोलून पहिलीपासून सातवीपर्यंत चढत्या मापाने घातलं, वाट्यांच्या बुडाला आकडे लावले आणि रश्मीला त्यांची अदलाबदल करायला सांगितलं. तिघांनी चाखायचं आणि 'बरोबर' वाटेल ती वाटी पुढे सारायची. रश्मीने पाचवी सारली. कुंदाबाईंनीही पाचवी, जराही न अडखळता. प्रफुल्लने सारली दुसरी. त्याला विश्वास बसेना, म्हणून वाट्या फिरवून पुन्हा केलं. पुन्हा दुसरी.

मग त्याने डॉ. बाबरांना फोन केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर आधी चांगलेच तापले. मग म्हणाले, यात नवल काही नाही. चवीच्या पेशी काही दिवसांनी मरतात आणि नव्या येतात. नुसतं कमी मीठ खात राहिलं तर दोन-तीन महिन्यांत जिभेची आवडच खाली सरकते. तुम्ही पाच महिने सासूबाईंसोबत अळणी जेवलात, तुमची जीभ शिकली. त्यांच्या जिभेला शिकायची वेळच आली नाही, कारण दाणा तिला रोज भरपूर मीठ आहे म्हणून सांगत होता.

प्रफुल्लने फोन ठेवला आणि तेच सगळं कुंदाबाईंना सांगितलं, एकही शब्द न गाळता. आपण चुकलो हेही सांगितलं.

कुंदाबाईंनी पाचवी आणि दुसरी वाटी शेजारी शेजारी ठेवली. "म्हणजे माझी जीभही शिकेल," त्या म्हणाल्या.

"शिकेल. सावकाश. दाणा हळूहळू कमी करत नेला तर."

"फोन इकडे द्या."

त्यांनी पायऱ्या आपल्या फोनवर घेतल्या. मग अटी सांगितल्या, आणि जावयाला इतक्या अटी त्यांनी जन्मात घातल्या नव्हत्या. पाचवरून सुरुवात, महिन्याला एक पायरी खाली, बोट त्यांचं. बाहेरच्यांसाठी स्वयंपाक असेल तेव्हा मिठाचं माप रश्मीच्या जिभेचं. "आणि माझ्या पानात मीठ वाढायचं. डावीकडे. पहिल्यासारखं."

"आई, डॉक्टर—"

"वाढायचं. खायचं की नाही, ते मी पाहीन."

त्या दुपारी प्रफुल्लने पान घेतलं. डावीकडे मिठाची चिमूट ठेवताना त्याचा हात जरा थबकला, पण त्याने ठेवली. कुंदाबाई जेवल्या. त्या उठल्यावर तो ताट घेऊन मोरीपाशी गेला आणि त्याने डावा कोपरा पाहिला. चिमूट होती तशी होती.

दिवाळीला पायरी चारवरून तीनवर आली. कुंदाबाईंनी मिठाच्या डब्यात पुन्हा हात घातला, आधी भीत भीत, मग नेहमीच्या झटक्याने. थंडी सरता सरता एक आली, आणि होळीच्या सुमारास त्यांनी दाणा धुऊन पुसून डॉक्टरांकडे परत धाडला. "दुसऱ्या कोणाच्या कामी येईल," त्या म्हणाल्या. आता फोनवर आकडा येत नव्हता, रेघही नव्हती. सकाळचा काटा तेवढा होता, आणि दुपारचं ताट.

एप्रिलच्या एका दुपारी सिंधूकाकू भेटायला आली होती. ती गेल्यावर प्रफुल्लने ताटं उचलली. कुंदाबाईंच्या ताटात डावीकडची चिमूट अर्धीच होती. तो तिथे थांबला. त्यांच्या खोलीत जावं, विचारावं, असं त्याला आतून फार वाटलं. निदान उद्याची भाजी तरी आणखी फिकी करावी. त्याने नळ सोडला, ताट घासलं, पालथं घातलं आणि दुकानात जाऊन बसला. कोणाला काही म्हणाला नाही. रश्मीलासुद्धा नाही.

सकाळी कुंदाबाई काट्यावर उभ्या राहिल्या. आकडा कालचाच होता, बावन्न किलो चारशे. त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि जायला वळल्या. मग थांबल्या.

"काल चिमटीभर घेतलं होतं मी," त्या म्हणाल्या. "सिंधूने पेरू आणला होता. राहवलं नाही."

"हो का," प्रफुल्ल म्हणाला.

"सांगून ठेवते तुम्हाला," कुंदाबाई म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.